असुरक्षित संबंधांनंतरचे १२० तास : तातडीचे गर्भनिरोधन कसे निवडावे आणि कसे घ्यावे

कंडोम फाटला किंवा निसटला, तो वापरलाच गेला नाही, रोजच्या गर्भनिरोधक गोळ्या सलग तीन किंवा त्याहून अधिक दिवस घ्यायच्या राहून गेल्या, इंजेक्शनची तारीख उलटून बरेच आठवडे झाले, अथवा वीर्य बाहेर सोडायचे ठरवूनही ते साधले नाही, तर नको असलेली गर्भधारणा टाळण्यासाठी त्यानंतरही उपाय करता येतो. त्यासाठी साधारणपणे पाच दिवसांचा, म्हणजे १२० तासांचा अवधी हाती असतो. मात्र हे १२० तास सारख्या मोलाचे नसतात. पहिल्या दिवशी घेतलेली गोळी आणि चौथ्या दिवशी घेतलेली तीच गोळी यांच्या परिणामात फरक पडतो. म्हणून चूक कोणाची होती, हे कोणाला सांगावे, लोक काय म्हणतील हे सारे प्रश्न दोन दिवस बाजूला ठेवावेत आणि आधी उपाय करावा.

आधी वेळ लिहून घ्या

संबंध आला तो वार आणि ती वेळ कागदावर किंवा मोबाइलमध्ये नोंदवा. घाबरलेल्या मनाला ‘परवा की तेरवा’ हे नीट आठवत नाही, आणि निवड तर तासांवरच ठरते. समजा, शनिवारी रात्री ११ वाजता संबंध आला. तर रविवारी रात्री ११ वाजता २४ तास होतात, मंगळवारी रात्री ११ वाजता ७२ तास आणि गुरुवारी रात्री ११ वाजता १२० तास पूर्ण होतात. अशी मुदत डोळ्यांसमोर लिहिलेली असली की ‘उद्या बघू’ म्हणण्याआधी माणूस थांबून विचार करतो. या पाळीच्या चक्रात एकाहून अधिक वेळा असुरक्षित संबंध आला असेल, तर प्रत्येक वेळ लिहावी आणि डॉक्टरांना ती सारी सांगावी, कारण फक्त शेवटचीच वेळ सांगितली तर हिशेब चुकतो.

त्याच कागदावर मागच्या पाळीचा पहिला दिवस, पाळी साधारण किती दिवसांनी येते ते, अंदाजे वजन, आणि गेल्या महिनाभरात घेतलेली सर्व औषधे लिहावीत. बाळ अंगावर पीत असेल तर तेही लिहावे. बाळंतपणाला २१ दिवस झालेले नसतील, तर तातडीच्या गर्भनिरोधनाची गरज नसते. एवढी माहिती हाती असली की औषधविक्रेत्याशी किंवा डॉक्टरांशी होणारे बोलणे पाच मिनिटांत संपते, आणि संकोच वाटणाऱ्या व्यक्तीसाठी ही गोष्ट लहान नाही.

गोळी नेमके काय करते

हे समजून घेतले की पुढचे बहुतेक प्रश्न आपोआप सुटतात, म्हणून येथे थोडे थांबणे योग्य ठरेल. पुरुषाचे शुक्राणू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. बीजकोशातून बाहेर पडलेले स्त्रीबीज मात्र जेमतेम एक दिवस टिकते. म्हणजे संबंध आला त्याच क्षणी गर्भ राहतो असे नसते. पुष्कळदा शुक्राणू आधी येऊन थांबलेले असतात आणि स्त्रीबीज नंतर बाहेर पडते. तातडीच्या गोळीला काम करायला जागा मिळते ती या मधल्या काळातच. स्त्रीबीज बाहेर पडण्याच्या सुमारे दीड दिवस आधी मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून एलएच नावाचे संप्रेरक झपाट्याने वाढू लागते. गोळी या वाढीला अटकाव करते, त्यामुळे स्त्रीबीज काही दिवस अडकून राहते, आणि ते बाहेर पडेपर्यंत शुक्राणूंचे आयुष्य संपलेले असते.

गोळीचा सारा प्रभाव स्त्रीबीजाला रोखून धरण्यात आहे. यातून तीन गोष्टी निघतात. पहिली अशी की गोळी लवकर घ्यावी, कारण तुमच्या शरीरातले ते संप्रेरक कोणत्या तासाला उसळी घेईल हे बाहेरून कळत नाही, आणि एकदा स्त्रीबीज बाहेर पडले की गोळीला करण्यासारखे काही उरत नाही. दुसरी अशी की ही गर्भपाताची गोळी नव्हे. ती ‘पिशवी धुऊन काढते’ असा समज सर्रास आढळतो, पण तो चुकीचा आहे. गर्भ रुजला असेल तर ही गोळी त्याला धक्का लावू शकत नाही आणि इजाही करत नाही. तिसरी गोष्ट सर्वांत कमी सांगितली जाते आणि तिच्यामुळेच घात होतो : स्त्रीबीज फक्त पुढे ढकलले गेले आहे, ते अजून यायचे आहे. त्यामुळे गोळी घेतल्यानंतरच्या दिवसांत पुन्हा असुरक्षित संबंध आला, तर गर्भ राहण्याची शक्यता उलट वाढलेली असू शकते.

‘पाळीच्या आसपासचे दिवस होते, म्हणजे धोका नाही’ या हिशेबावर विसंबून गोळी टाळणे मला धोक्याचे वाटते. पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी स्त्रीबीज बाहेर पडते हे खरे असले, तरी पुढची पाळी नेमकी कधी येणार हे आधी कळत नाही. ताण, आजारपण, प्रवास यांनी ती सहज मागेपुढे होते. शंका असेल तर उपाय करावा.

दोन गोळ्या आणि त्यांतला फरक

सर्वाधिक परिचित गोळी लिव्होनॉरजेस्ट्रेलची. तिचा डोस १.५ मिलिग्रॅम असतो आणि तो एकदाच घ्यायचा असतो. काही पाकिटांत ०.७५ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या येतात आणि त्या १२ तासांच्या अंतराने घ्याव्यात असे छापलेले असते; परंतु त्या दोन्ही एकदम घेतल्या तरी परिणाम तेवढाच होतो, आणि दुसरी गोळी विसरण्याचा धोका टळतो, म्हणून एकदमच घ्याव्यात. पाकिटावर सहसा ७२ तासांची मुदत लिहिलेली असते. जागतिक आरोग्य संघटना ही गोळी १२० तासांपर्यंत घेता येते असे सांगते, पण ७२ तासांनंतर तिचा भरवसा बराच कमी होतो.

दुसरी गोळी युलिप्रिस्टल ॲसिटेटची, ३० मिलिग्रॅमची, तीही एकच. युरोपात २००९ मध्ये आणि अमेरिकेत २०१० मध्ये तिला मान्यता मिळाली. सगळीकडे ती मिळतेच असे नाही. तिचा मोठा फायदा असा की एलएच वाढू लागल्यानंतरही, ते शिखराला पोहोचण्यापूर्वी, ती स्त्रीबीज रोखू शकते, तर लिव्होनॉरजेस्ट्रेल त्या टप्प्यावर निष्प्रभ ठरते. त्यामुळे ७२ ते १२० तासांच्या दरम्यान, किंवा स्त्रीबीज बाहेर पडण्याचे दिवस जवळ आले असण्याचा संभव असताना, उपलब्ध असेल तर हीच गोळी निवडावी. जागतिक आरोग्य संघटनेने दिलेल्या आकड्यांनुसार युलिप्रिस्टल घेतलेल्यांपैकी सुमारे १.२ टक्के स्त्रियांना गर्भ राहिला, आणि लिव्होनॉरजेस्ट्रेलच्या बाबतीत हे प्रमाण १.२ ते २.१ टक्के आढळले.

याखेरीज रोजच्या संयुक्त गर्भनिरोधक गोळ्या ठरावीक संख्येने १२ तासांच्या अंतराने दोनदा घेण्याची जुनी पद्धत आहे. १९७० च्या दशकात कॅनडातील डॉक्टर अल्बर्ट युझ्पे यांनी ती पुढे आणली. ती कमी परिणामकारक आहे आणि तिच्यात मळमळ व उलट्या फार होतात, म्हणून वरच्या दोन्ही गोळ्या मिळतच नसतील तेव्हाच, आणि किती गोळ्या घ्यायच्या हे डॉक्टरांना विचारूनच, तिचा विचार करावा.

तांबी : सर्वांत खात्रीचा उपाय

तातडीचे गर्भनिरोधन म्हटले की गोळीच आठवते, पण सर्वांत खात्रीचा उपाय तांबीचा आहे. तांब्याची तार गुंडाळलेले हे लहानसे इंग्रजी टी आकाराचे साधन गर्भाशयात बसवले जाते. तांब्याचे सूक्ष्म कण शुक्राणूंना आणि स्त्रीबीजाला निकामी करतात आणि त्यांचे मीलन होऊ देत नाहीत. येथे स्त्रीबीज रोखण्यावर सारे अवलंबून नसते, म्हणून गोळीची वेळ निघून गेल्यावरही तांबी उपयोगी पडते. पाच दिवसांच्या आत बसवली तर ती ९९ टक्क्यांहून अधिक परिणामकारक ठरते, आणि त्या पाच दिवसांत ती पहिल्या दिवशी बसवली की पाचव्या, याने फारसा फरक पडत नाही. काही वेळा १२० तास उलटून गेले असले, तरी स्त्रीबीज बाहेर पडण्याच्या अंदाजे दिवसानंतर पाच दिवस झालेले नसतील तर डॉक्टर तांबी बसवू शकतात. म्हणून मुदत संपली असे स्वतःच ठरवून घरी बसू नये.

तांबी बसवताना कळ येते, काहींना ती बरीच तीव्र असते, आणि पहिले काही महिने पाळीत अंगावरून जास्त जाऊ शकते व पोटात दुखू शकते. हे आधी सांगितलेले बरे. आधी वेदनाशामक औषध घेता येते, आणि दुखत असल्यास तसे स्पष्ट सांगावे. मूल झालेले नसले तरी तांबी बसवता येते. गर्भ आधीच राहिलेला असेल, ओटीपोटात जंतुसंसर्ग चालू असेल, गर्भाशयाचा आकार वेगळा असेल किंवा कारण न कळलेला रक्तस्राव होत असेल, तर मात्र ती बसवत नाहीत. एकदा बसवली की प्रकारानुसार ती दहा वर्षांपर्यंत काम करते, आणि नको असेल तेव्हा काढता येते. म्हणजे एकाच भेटीत आजची चिंता मिटते आणि पुढची सोयही होते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५२ मिलिग्रॅम लिव्होनॉरजेस्ट्रेल असलेली हार्मोनयुक्त तांबी, म्हणजे तांब्याऐवजी हार्मोन असलेले तसेच साधन, वापरलेल्या ३१७ स्त्रियांपैकी एकीलाच गर्भ राहिल्याचे दिसले. काही डॉक्टर आता हाही पर्याय देतात.

तांबी बसवण्यासाठी प्रशिक्षित व्यक्ती लागते आणि भेटीची वेळ मिळायला एखादा दिवस जाऊ शकतो. तोवर हात बांधून बसू नये. आज गोळी घ्यावी आणि तांबीची वेळ ठरवावी. गोळी घेतली म्हणून तांबी बसवायला अडचण येत नाही.

निवड कोणत्या गोष्टींनी बदलते

वजन हा विषय औषधाच्या पाकिटावर ठळकपणे लिहिलेला नसतो, पण महत्त्वाचा आहे. ७० किलोहून अधिक वजन किंवा २६ हून अधिक बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) असल्यास लिव्होनॉरजेस्ट्रेलचा परिणाम कमी होऊ शकतो. अशा वेळी युलिप्रिस्टल बरी, आणि ८५ किलोच्या पुढे तिचाही परिणाम घटू शकतो. तांबीला वजनाने काहीही फरक पडत नाही. यापैकी दुसरे काहीच मिळत नसेल तर मिळेल ती गोळी घ्यावी. वजनाच्या भीतीने काहीच न करणे हा सर्वांत वाईट पर्याय आहे.

काही औषधे यकृताला या गोळ्यांचा वेगाने निचरा करायला लावतात. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन, फिट्सवरील फेनिटॉइन, कार्बामाझेपिन व फेनोबार्बिटोन, एचआयव्हीवरील इफाव्हिरेन्झ ही त्यांतली काही. ही औषधे चालू असतील किंवा गेल्या चार आठवड्यांत बंद झाली असतील, तर तांबी सर्वांत योग्य. ती शक्य नसेल तर लिव्होनॉरजेस्ट्रेलचा दुप्पट, म्हणजे ३ मिलिग्रॅमचा डोस डॉक्टर सुचवतात. या स्थितीत युलिप्रिस्टल घेऊ नये. फिट्सचे किंवा क्षयरोगाचे औषध चालू आहे हे सांगायचा संकोच वाटत असला तरी येथे ते सांगावेच.

गेल्या सात दिवसांत रोजची गर्भनिरोधक गोळी किंवा दुसरे कोणतेही हार्मोनचे औषध घेतलेले असेल, तर युलिप्रिस्टलचा परिणाम कमी होऊ शकतो. म्हणून रोजच्या गोळ्या चुकल्या असतील तेव्हा बहुधा लिव्होनॉरजेस्ट्रेल किंवा तांबी निवडतात. दम्याचा त्रास तीव्र असून त्यावर स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर युलिप्रिस्टल टाळतात. अंगावर पाजणाऱ्या आईला लिव्होनॉरजेस्ट्रेल चालते. युलिप्रिस्टल घेतल्यास एक आठवडा दूध काढून टाकावे आणि बाळाला पाजू नये, असे तिच्या माहितीपत्रकात सांगितलेले असते. वयाची अट वैद्यकीयदृष्ट्या नाही : किशोरवयीन मुलीलाही या गोळ्या सुरक्षित आहेत.

गोळी घेताना

पाकीट हातात आल्यावर त्यावरचे औषधाचे नाव वाचा आणि मुदतीची तारीख बघा. मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल ही नावे दिसली, तर ते गर्भपाताचे औषध आहे; घाईत ते तातडीची गोळी समजून घेतल्यास रक्तस्रावाचा गंभीर त्रास होऊ शकतो. गोळी पाण्याबरोबर घ्यावी. उपाशीपोटी घेतली किंवा जेवणानंतर घेतली तरी चालते, पण मळमळीचा त्रास होत असेल तर काही खाऊन घ्यावी. घेतल्याची वेळ त्याच कागदावर लिहून ठेवावी, कारण उलटी झाली तर तीच वेळ लागते. लिव्होनॉरजेस्ट्रेल घेतल्यावर दोन तासांच्या आत, किंवा युलिप्रिस्टल घेतल्यावर तीन तासांच्या आत उलटी झाली, तर गोळी पुन्हा घ्यावी. त्यानंतर उलटी झाली तर गोळी शोषली गेलेली असते.

डोके दुखणे, मळमळ, थकवा, स्तन दुखणे, ओटीपोटात हलकी कळ, पाळीच्या मध्येच थोडे डाग पडणे हे त्रास एक-दोन दिवसांत ओसरतात. डाग पडले म्हणजे पाळी आली आणि गर्भ राहिला नाही, असा अर्थ मात्र काढू नये.

योनी पाण्याने धुणे, उड्या मारणे, लगेच लघवीला जाणे किंवा घरगुती औषध घेणे यांपैकी कशानेही गर्भ टळत नाही, आणि योनी साबणाने वा अन्य द्रवांनी धुतल्यास तेथील त्वचेला इजाच होते. जोडीदाराने करण्यासारखी गोष्ट म्हणजे स्वतः जाऊन गोळी आणणे आणि दवाखान्यात सोबत जाणे. जबाबदारी दोघांची असताना वेळेची सारी धावपळ एकटीवर टाकणे योग्य नाही.

गोळीनंतरचे दिवस

रोखलेले स्त्रीबीज पुढे बाहेर पडायचे असल्यामुळे, गोळीनंतर पाळी येईपर्यंत प्रत्येक वेळी कंडोम वापरावा किंवा संबंध टाळावा. रोजची गोळी किंवा इंजेक्शन सुरू करायचे असेल, तर लिव्होनॉरजेस्ट्रेलनंतर ते त्याच दिवशी करता येते आणि संयुक्त गोळ्यांच्या बाबतीत पुढचे सात दिवस कंडोम वापरावा लागतो. युलिप्रिस्टलनंतर मात्र पाच दिवस थांबावे, कारण लगेच घेतलेले हार्मोन तिचे काम बिघडवते. पाच दिवसांनी सुरुवात करावी आणि तोवर व त्यानंतरचे सात दिवस कंडोम वापरावा. त्याच चक्रात पुन्हा असुरक्षित संबंध आला तर गोळी पुन्हा घेता येते, आणि तिने शरीराला अपाय होत नाही. शक्यतो आधी घेतली तीच गोळी पुन्हा घ्यावी. मात्र ती वारंवार घेणे रोजच्या साधनाला पर्याय ठरत नाही, कारण तिचा भरवसा त्या साधनांइतका नसतो आणि पाळीचे वेळापत्रकही विस्कळीत होते.

तातडीचे गर्भनिरोधन कोणत्याही लैंगिक संसर्गापासून संरक्षण देत नाही. जोडीदाराच्या एचआयव्हीबद्दल शंका असेल, तर पीईपी नावाचे प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावे लागते. ते जितके लवकर सुरू होईल तितके चांगले. संबंध जबरदस्तीने झाला असेल तर गोळीसोबत पीईपी, हिपॅटायटिस बी लस, इतर संसर्गांवरचे उपचार आणि जखमांची काळजी हे सारे एकाच भेटीत मागावे. तक्रार करायची की नाही हे ठरले नसले, म्हणून उपचार लांबवू नयेत. अशा प्रसंगात दोष तुमचा नसतो.

गोळीनंतर पाळी काही दिवस लवकर किंवा उशिरा येऊ शकते. ती अपेक्षित तारखेपेक्षा सात दिवसांहून अधिक लांबली, नेहमीपेक्षा फारच कमी गेली, किंवा काहीच समजेनासे झाले, तर असुरक्षित संबंधानंतर तीन आठवडे पूर्ण झाल्यावर लघवीची गर्भचाचणी करावी. त्याआधी चाचणी नकारात्मक आली तर तिच्यावर विसंबता येत नाही. चाचणी सकारात्मक आली, तर घेतलेल्या गोळीने गर्भाला इजा होत असल्याचे आढळलेले नाही, म्हणून ती भीती मनातून काढून टाकावी, आणि पुढे काय करायचे हे ठरवण्यासाठी लवकरात लवकर डॉक्टरांना भेटावे. ओटीपोटाच्या एका बाजूला तीव्र दुखणे, खांद्याच्या टोकाशी कळ, चक्कर किंवा भोवळ, आणि त्यासोबत अंगावरून जाणे ही लक्षणे गर्भ गर्भाशयाबाहेर, बहुधा बीजवाहिनीत, वाढत असल्याची असू शकतात. पाळी चुकलेली असो वा नसो, अशा वेळी सकाळपर्यंत वाट न पाहता त्याच क्षणी रुग्णालय गाठावे आणि गोळी कोणत्या तारखेला, किती वाजता घेतली होती तो कागद बरोबर न्यावा.